मधलं नाव : एका लघुकादंबरीच्या प्रकल्प नोंदी

१ एप्रिल २०२५, मंगळवार

मार्च एंड संपला. काल रात्री साडेअकराला ऑफिसचं शटर खाली आलं (टॅक्स कन्सल्टंटकडे काम करणाऱ्यांची थर्टी फर्स्ट डिसेंबर असते ती ही) आणि आज मी सुट्टी घेऊन हे सुरू करतेय. एप्रिल फूलच्या दिवशी सुरू करतेय हे मला माहितीये, कोणी आठवण करून देऊ नये.

प्रकल्प: दिवाळी अंकासाठी लघुकादंबरी. मर्यादा अठरा हजार शब्द. मुदत ३१ जुलै. संपादक मॅडमना फोनवर सांगितलं की घटस्फोटानंतरची लव्ह स्टोरी आहे, तर त्या म्हणाल्या "अरे वा, गंभीर विषय", मी म्हणलं नाही हो विनोदी आहे, तर पलीकडे दोन सेकंद काहीच नाही आणि मग "बघा, जमत असेल तर".

सुरुवातीचा माल एवढाच आहे. नायिका शुभदा, वय ३९, कोथरूड. नवऱ्यापासून वेगळी राहते पण गॅसचं कनेक्शन अजून त्याच्या नावावर, त्यामुळे सिलेंडर आला की डिलिव्हरीचा ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाईलवर. दारात सिलेंडरवाला "मॅडम ओटीपी सांगा" करत उभा आणि ही त्याला फोन लावतेय. दोघांच्यात आता बोलणं उरलंय ते फक्त चार आकडी. हे मी शोधलेलं नाही, माझ्याच घरात चार वर्षं चाललंय, पण कादंबरीत आलं की मला त्याचा राग येत नाही, मजा वाटते. म्हणून तर लिहायला घेतलं.

शब्द: ०. नाव मात्र ठरलं, मधलं नाव. कारण आपल्याकडे बाईचं पहिलं नाव तिचं असतं, मधलं मात्र मालक बदलेल तसं बदलतं, आधी वडील मग नवरा, आणि घटस्फोटानंतर आधार, पॅन, बँक, लाईट बिल सगळीकडे ते परत फिरवत बसायचं. शुभदा पहिली तीन प्रकरणं हेच करत असणार आहे.

६ एप्रिल, रविवार

नायक मिळाला!! संतोष, वय ४४, मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतो. वडिलांनी पोरगा झाला त्या वर्षी धंदा सुरू केला म्हणून स्कूलला पोराचं नाव, त्यामुळे अख्ख्या एरियात याला कोणी आडनावाने ओळखत नाही, "संतोष मोटार" म्हणतात. हापण घटस्फोटित. शुभदाला चाळिशीत गाडी शिकायचीये कारण आत्तापर्यंत गाडी नवरा चालवायचा आणि ही शेजारी बसून फास्टॅगचा बॅलन्स बघायची.

आज दिवसभर रिसर्च म्हणून लग्नाच्या जाहिराती वाचल्या. "नाममात्र घटस्फोटित" हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याला माझा नमस्कार. नाममात्र!! म्हणजे लग्न झालं होतं पण तसं काही झालं नव्हतं, डबा उघडला पण खाल्लं नाही, अशी वॉरंटी दिल्यासारखं. मग शुभदा जाहिरातीत काय लिहील? "सविस्तर घटस्फोटित". हसले एकटीच. हे प्रकरण दोनमध्ये जाणार, ठरलं.

शब्द: ९५०

१९ एप्रिल, शनिवार

आज जे सापडलंय ते नीट लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

शुभदा आणि अभय (नवरा) म्युच्युअल टाकतात, म्हणजे परस्परसंमतीने, हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम १३-ब. एक वर्ष वेगळे राहिलेले असायला लागतात, मग अर्ज, आणि अर्ज केल्यावर कोर्ट किमान सहा महिने थांबायला लावतं, की बाबांनो बघा, मन बदलतंय का. कूलिंग ऑफ म्हणतात सगळे, जणू इंजिन गरम झालंय. आणि इकडे लर्निंग लायसन्स, ते किती दिवस चालतं? सहा महिने!! दोन्हीची मुदत सहा महिने. एकाच आठवड्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात अर्ज आणि आरटीओचं लर्निंग, की दोन्ही घड्याळं एकदमच सुरू. माझ्या आख्ख्या कादंबरीचा सांगाडा मला सरकारी मुदतींनी दिलाय आणि मी आठ दिवस प्लॉट प्लॉट करत डोकं आपटत होते.

एक अडचण. वकील मैत्रीण म्हणाली की २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते सहा महिने सक्तीचे राहिले नाहीत, अर्जाच्या आधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असेल, समेटाची आशा नसेल, पोटगी बिटगी सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट माफ करू शकतं. म्हणलं अगं माफ केलं तर माझी कादंबरी दुसऱ्या प्रकरणात संपेल. मग दोघींनी मिळून शुभदा-अभयला वेगळं राहून फक्त तेरा महिने झाले असं ठरवलं. माफी नाही. थांबा सहा महिने.

चहा द्यायला आलेल्या मावशी हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या आमच्यात पंचांसमोर काडी मोडायचे, झालं, सहा महिने कशाला पायजेत, आणि मग पाट लावायचा असला (म्हणजे दुसरं लग्न) तर रात्रीचा, गुपचूप. काडीमोड हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय पण खरीच काडी असायची हे आज लक्षात आलं. शुभदाच्या तोंडी एक वाक्य घातलं, "मला फक्त एक काडी द्या, स्टॅम्प पेपर नको".

शब्द: ४,२००

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. दोन लग्नं, एक सकाळी एक संध्याकाळी. शब्द: ०. आमरस: चार वाट्या. दुसऱ्या लग्नात एका काकूंनी "तू पण आता बघ हो कोणीतरी" म्हणत माझ्या ताटात जिलबी वाढली, एका श्वासात.

११ मे, रविवार

वाईट दिवस. ऑफिसातल्या मैत्रिणीला पहिली सहा प्रकरणं वाचून दाखवली, नऊ हजार शब्द, दोन तास, मध्ये भेळ. ती एकदाही हसली नाही. म्हणजे हसली, पण कसं, कोणी आपल्या सासूला नावं ठेवताना आपण सोबत हसतो ना तसं, हुं हुं हुं.

मी विचारलं काय गंडलंय. ती म्हणे "तुझा अभय किती वाईट आहे गं, मला तर शुभदाची काळजीच वाटायला लागली, हसू कुठून येणार".

परत वाचलं आणि बरोबर आहे तिचं. माझा अभय टॉवेल ओला टाकतो, आईचं ऐकतो, वाढदिवस विसरतो, ओटीपी मुद्दाम उशिरा पाठवतो. प्रत्येक पानावर मी त्याला एक चापट मारलीये. आणि तो एवढा टाकाऊ असेल तर शुभदाने अकरा वर्षं काय केलं, ती मूर्ख होती का? शिवाय संतोष त्याच्यापुढे आपोआपच देवमाणूस दिसतो, त्याला काही करायलाच लागत नाही, नुसता उभा राहिला तरी बरा. म्हणजे मी लव्ह स्टोरी लिहीतच नव्हते, जुनं खातं क्लिअर करत होते. हे माझ्यासारखीला कळायला हवं होतं, मागच्या वर्षीची येणी या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायची नसतात.

निर्णय: अभय चांगला माणूस. ओटीपी तीस सेकंदात पाठवतो. वर "पोहोचला का" पण विचारतो. दर रविवारी न सांगता तिच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणायचा, आणि अकरा वर्षांत दोघं कधी एकमेकांना हसवू शकले नाहीत, बस्स एवढंच. हे लिहायला जास्त अवघड आहे. आता शुभदाला राग काढायला कोणी उरलंच नाही ना.

तीन हजार शब्द उडवले. शब्द: ६,०००

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मे महिन्यात! मुंबईतही आजच पोचला, इतका लवकर कधी आल्याचं कोणाला आठवत नाहीये, आणि माझ्याकडे प्रकरण आठमध्ये पहिल्या पावसाचा सीन ७ जूनचा. तो सीन म्हणजे गाडी बंद पडते, काचेवर पाणी, दोघं एकमेकांकडे बघतात वगैरे. आज खिडकीतून खरा पाऊस बघत वाचला तर इतका गुळगुळीत वाटला की तारीख बदलण्यापेक्षा सीनच काढला. पावसात प्रेम जमतं हे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. पावसात वायपर चालत नाही आणि काच आतून पुसायला फडकं शोधायला लागतं, हे कोणी लिहीत नाही.

त्याऐवजी गाडी भर उन्हात बंद पाडली, कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला. मागे सतरा हॉर्न, शुभदा घामाघूम, संतोष शांत. ती चिडून म्हणते "हे आजोबा बघतायत माझ्याकडे", तर संतोष म्हणतो "ते नाही काही म्हणणार, त्यांचं पण दुसरंच होतं". हे लिहून मी खुर्चीत मागे रेलून हसले. कारण खरंय, धोंडो केशव कर्व्यांची पहिली बायको वारल्यावर त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, त्या विधवा होत्या, आणि गावाकडे मुरुडला या लग्नापायी बहिष्कार घातला लोकांनी. आणि आपण रोज त्या पुतळ्याला वळसा घालून पौड फाट्याला जातो, सिग्नल सुटेपर्यंत मोबाईल बघत.

संतोषचं हे पहिलं वाक्य जे माझं नाहीये, त्याचं आहे.

शब्द: ७,३००

२८ मे, बुधवार

काल संध्याकाळी जाहीर झालं, इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबर केली!! ऑफिसात सगळे सुस्कारे सोडतायत, मी जागेवर बसून मनातल्या मनात नाचले, कारण माझ्या दोन्ही मुदती एकाच दिवशी होत्या आणि त्यातली एक गेली. संध्याकाळी संपादक मॅडमना फोन, म्हणलं सरकारनेसुद्धा दीड महिना दिला. त्या म्हणाल्या "मी सरकार नाही, पाच ऑगस्टपर्यंत द्या".

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. सोसायटीच्या गेटसमोरच्या वडाला सकाळपासून दोरे. मी ऑफिसला निघाले तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सवयीने फणसाचा गरा आणि आंबा हातात ठेवला, मग त्यांच्या लक्षात आलं, मग त्यांना कळेना की वाण परत घ्यावं की राहू द्यावं, मग मी म्हणलं काकू आंबा राहू दे. दोघी इतक्या हसलो की त्यांच्या हातातलं ताम्हन हललं.

चार वर्षांपूर्वी याच प्रसंगाला मी वर येऊन दार लावून रडले असते. काय बदललं मधल्या काळात, ते नक्की सांगता येत नाही, काही झालं असंही नाही. फक्त आधी त्या आंब्यात मला काकूंची कीव दिसायची आणि आज काकूंची फजिती दिसली.

शुभदाला हाच प्रसंग दिला. पण वाक्य बदललं. कादंबरीत ती म्हणते, "सात जन्माचं नको, या सीझनचा चालेल".

आणि यावरून एक गोष्ट पक्की केली जी आत्तापर्यंत डळमळीत होती. सहा महिन्यांत, म्हणजे कोर्टाची मुदत चालू असताना, शुभदा आणि संतोषमध्ये प्रेम बीम काही नाही. नुसतं हसणं. वाचणारा म्हणणार अजून कागद झाला नाही आणि ही गाडीत काय करतेय, ते नकोच. हसायला डिक्री लागत नाही. प्रेमाला लागते, निदान कोथरूडमध्ये.

शब्द: ९,१००

२० जून, शुक्रवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद म्हणून घरूनच काम, आणि आजच जीएसटीच्या ३-बी रिटर्नची शेवटची तारीख, म्हणजे एका कानात पोर्टल लोड होतंय आणि दुसऱ्या कानात कुठूनतरी टाळ. दुपारी साडेतीनला शेवटचं रिटर्न भरलं आणि प्रकरण अकरा काढलं. क्लासची गाडी पालखीच्या गर्दीत अडकते, दोन तास हलत नाही, आत दोघंच. आधी असं होतं की दोघं आपापल्या घटस्फोटाची करुण कहाणी सांगतात. आता शुभदा तिची गोष्ट सांगते, समुपदेशकाने विचारलं की "तुमच्यात भांडण कशावरून होतं" तर दोघांनाही एकही भांडण आठवेना, शेवटी अभयने बिचाऱ्याने एक बनवून सांगितलं, आणि ते इतकं खोटं होतं की हिने तिथेच दुरुस्त केलं, आणि त्यावरून त्यांचं अकरा वर्षांतलं पहिलं खरं भांडण समुपदेशकासमोर झालं. ती हे गंभीरपणे सांगतेय आणि संतोष हसतो. भलत्याच जागी, जोरात. ती दुखावते. मग तिला ऐकू येतं स्वतःचं वाक्य. मग तीही.

हा सीन लिहिताना पहिल्यांदा वाटलं की हा माणूस तिला आवडू शकतो. कीव नाही, सल्ला नाही, "सगळं ठीक होईल" नाही. तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस हासुद्धा एक किस्सा आहे हे त्याला तिच्या आधी कळलं.

खिडकीत एका वारकरी आजी टेकून उभ्या राहिल्या, "एल" बोर्ड बघून म्हणाल्या "शिकतीयेस व्हय, शिक". आजी ठेवल्या. त्या गेल्यावर एकही वाक्य नाही घातलं.

शब्द: ११,४००

२९ जून, रविवार

अभ्यास. फार नाही लिहीत.

१९३७ चा द ऑफुल ट्रुथ बघितला. गंमत म्हणजे त्यातही मुदत आहेच, घटस्फोट मंजूर पण पक्का होणार नव्वद दिवसांनी, आणि शेवटच्या रात्री बारा वाजायच्या आत नवरा-बायको परत एक होतात. मध्ये कोर्टात कुत्र्याचा ताबा कोणाकडे यावर सुनावणी, ती केवळ. स्टॅन्ली कॅव्हेल नावाच्या तत्त्वज्ञाने १९८१ च्या पुस्तकात या जातीच्या सिनेमांना पुनर्विवाहाची कॉमेडी म्हणलंय. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरचे नियम कडक झाले होते, लग्नाबाहेरचं काही गोड दाखवायची सोय नव्हती, मग आधी घटस्फोट द्यायचा, चार ठिकाणी हिंडू द्यायचं आणि शेवटी त्याच माणसाशी लावून द्यायचं, म्हणजे नियम पण खूश आणि थिएटर पण.

आणि आपल्याकडे संशयकल्लोळ, देवलांचं, १९१६. फाल्गुनराव आणि कृत्तिका, एका तसबिरीवरून एवढा गोंधळ, पण कोर्टात कोणी जात नाही. संशय फिटतो, संसार वाचतो, पडदा.

दोन्हीकडे जुनंच माणूस परत मिळतं. म्हणजे हसायचं ते जुनं घर दुरुस्त झालं म्हणून. मला हवंय ते वेगळं आहे, घर खरोखरच मोडलंय, कोणी दुष्ट नाही, आणि तरी हसू. याला तयार साचा मिळेना. मिळाला असता तर बरं झालं असतं, वीक एंड वाचला असता.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाणा खिचडी, आणि चार दिवसांपासून ज्याच्यावर अडलेय ते सुटलं म्हणून ही नोंद मोठी होणार.

अडचण अशी होती. डिक्री झाली (प्रकरण तेरा), लायसन्सच्या टेस्टला एकदा नापास, चढावर गाडी मागे सरकली म्हणून, सात दिवसांनी परत दिली, पास. मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना. मग आता प्रेम. पण दोघं एकमेकांना हाक काय मारणार?

सहा महिने ती "सर" म्हणतेय आणि तो "मॅडम", सगळं तुम्ही-आम्ही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हा प्रश्नच नाही, तिकडे सगळे यू. आपल्याकडे प्रेम जमलं की नाही हे वाचणाऱ्याला "तू" वरून कळतं, बाकी मिठ्या नंतर. विशीत ते सोपं असतं, कॉलेजात पहिल्या दिवसापासूनच अरे-तुरे. चाळिशीत? ती एकदम "अरे संतोष" म्हणाली तर पोरकट वाटतं. "अहो" म्हणाली तर लगेच मंगळसूत्र दिसायला लागतं, आजी-आजोबा झाल्यासारखं, आणि तिने अभयलासुद्धा कधी अहो केलं नव्हतं. "संतोषराव" तर नाटकातला मुनीम. दोन दिवस मी नुसती हाका लिहून खोडत होते.

मग काल रिसर्चच्या नावाखाली आमच्या चौकातल्या एका क्लासच्या गाडीत मागे बसले, एका मुलीचा क्लास होता, परवानगी घेऊन. आणि शिकवणारे काका बोलत होते ते ऐका: "क्लच दाबायचा. गिअर टाकायचा. आरसा बघायचा. हळू सोडायचा, हळू म्हणजे हळू. घाबरायचं नाही. समोर बघायचं."

दाबायचा, टाकायचा, बघायचं! यात तू नाही, तुम्ही नाही, माणूसच नाही! ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांची ही भाषाच आहे, कारण समोर अठरा वर्षांची पोरगीही असते आणि रिटायर्ड साहेबही. आणि आपण सगळेच हे करतो की, ज्या माणसाला काय म्हणावं कळत नाही त्याच्याशी असंच बोलतो. नव्या जावयाशी, ज्युनिअर असून वयाने मोठ्या माणसाशी. "जेवण झालं का", "निघायचं का", "येणं होईल का रविवारी". संतोषची तर ती रोजची बोली.

म्हणून प्रकरण चौदा पूर्ण याच भाषेत लिहिलं. दोघं फिरायला जातात, सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं भाकरी खातात, दोन तास बोलतात, आणि एकदाही कोणी कोणाला तू किंवा तुम्ही म्हणत नाही. "अजून एक भाकरी घ्यायची?" "नको, अर्धी करायची." "लग्नाचा अल्बम फेकला की ठेवला?" "ठेवलाय. फोटोग्राफर चांगला होता." वेटरला वाटतं भांडण झालंय. आणि शेवटी गाडीत बसल्यावर तो समोर बघत म्हणतो, "लग्न करायचं का?" त्याच सुरात ज्या सुरात तो सहा महिने "इंडिकेटर द्यायचा" म्हणत होता. ती म्हणते "आधी आरसा बघायचा". (मागून पीएमटी येत असते.)

माझं मलाच इतकं आवडलं की उपास विसरून लाडू खाल्ला.

शब्द: १४,२००

१९ जुलै, शनिवार

आईने वाचलं. मी दिलं नव्हतं, प्रिंटआउट टेबलावर होतं. वाचून चष्मा काढला आणि म्हणाली, "मुलगा चांगला आहे पण त्याला खोड काहीच नाहीये, असा माणूस असतो का".

आई कोणत्याही समीक्षकापेक्षा वाईट. पण बरोबर.

खोड काढली. संतोष कुठल्याही गाडीत बाजूच्या सीटवर बसला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. क्लासच्या गाडीत त्याच्या पायाखाली खरा ब्रेक असतो ना, वीस वर्षांची सवय. रिक्षात दाबतो, एसटीत दाबतो, मेव्हण्याच्या गाडीत दाबतो, थिएटरात सिनेमातली गाडी वेगात आली तरी दाबतो. त्याची पहिली बायको याच्यावर एकदा वैतागून म्हणाली होती "तू मला कधी ठोकूच दिलं नाहीस". हे वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा वेळ काही लिहिलं नाही.

आई अजून एक म्हणाली. "तिच्या आईला इतकं मागासलेलं का दाखवलंयस?" तेही बदललं. गुपचूप.

३ ऑगस्ट, रविवार

शेवटचं प्रकरण तिसऱ्यांदा. आता बसलं.

आधीचा शेवट रजिस्टर ऑफिसात होता. स्पेशल मॅरेज ॲक्टची तीस दिवसांची नोटीस, ती बोर्डावर लागते, शुभदाची आत्या नेमकी दुसऱ्या कामाला तिथे येते आणि मोठ्याने वाचते, "घटस्फोटित, घटस्फोटित, अगंबाई दोन्हीकडून". मजेशीर होता, पण तो मागे प्रकरण पंधरामध्ये सरकवला. शेवट असा केलाय.

शुभदाने सेकंडहँड वॅगन आर घेतलीये. तिची स्वतःची. संतोष बाजूला. यात त्याच्या पायाखाली ब्रेक नाही. चांदणी चौकाकडून येताना एक टू व्हीलरवाला राँग साइडने घुसतो, संतोष सवयीने पाय दाबतो, पायाखाली मॅट, आणि तो ओरडतो, "अगं ए, ब्रेक मार!"

गाडी थांबते. कोणाला काही होत नाही. टू व्हीलरवाला यांनाच शिव्या देऊन निघून जातो.

शुभदा स्टिअरिंग धरून तशीच, मग त्याच्याकडे वळून म्हणते, "ओरडतोस काय रे, मारलाय ना!"

आणि मग दोघांना एकदमच ऐकू येतं काय बोललो ते. अगं. रे. सहा महिने अधिक चार, एवढ्या दिवसांत जे दोघांना जमलं नाही ते एका बेशिस्त माणसाने करून दिलं. हसतात. मागे हॉर्न. तो म्हणतो "घ्यायची का बाजूला?" आणि ती म्हणते, "तू सांग".

इथे संपवलं. पुढे लग्न झालं की नाही ते आत्याला विचारा.

आता खरी भीती. अभयचं सगळं, ओटीपी, पेट्रोल, हे माझ्या एक्सचं आहे. त्याला न सांगता छापायचं हे बरोबर वाटेना. काल फोन केला, चार वर्षांत पहिल्यांदा ओटीपीशिवाय. सगळं सांगितलं, वटपौर्णिमा, समुपदेशक, सगळं. तो बराच वेळ गप्प. मला वाटलं आता चिडणार. म्हणाला, "मला बारीक दाखव फक्त". मी इतकी हसले की स्वयंपाकघरातून आई आली बघायला. त्याला मी लग्नात कधी एवढी हसलेली आठवत नाही म्हणाला. मलापण नाही. मग म्हणाला सिलेंडरचं आता नावावर करून घे तुझ्या, मी म्हणलं हो, बघते, अंक येऊ दे.

शब्द: १८,९००. नऊशे जास्त. मॅडम कापतील. आत्या कापू नका एवढंच सांगणार.

५ ऑगस्ट, मंगळवार

पाठवलं. रात्री ११.५२.

२३ ऑगस्ट, शनिवार

मॅडमनी सहाशे शब्द कापले, आत्या शाबूत, कर्वे पुतळा शाबूत. एक भांडण झालं, त्यांना "अगं ए" मधला "ए" जास्तीचा वाटत होता. मी म्हणलं ए शिवाय ती मंगळागौरीतली हाक होते, ब्रेक लागत नाही. राहिला.

आज मानधनाचा फॉर्म आला मेलवर. खाली सूचना, पन्नास हजारांपर्यंतच्या मानधनावर टीडीएस कापला जाणार नाही. दिवाळी अंकाचं मानधन आणि पन्नास हजार! ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, सगळ्यांचा दिवस चांगला गेला.

वरच्या रकान्यात, "नाव पॅन कार्डाप्रमाणे लिहावे".

पाकिटातून पॅन काढलं. शुभदाने तीन प्रकरणं घालवली तिच्या कागदांवर, राजपत्र, आधार केंद्रावरच्या रांगा, बँकेतली सही न जुळणं, सगळं मी तपशीलवार लिहिलंय, लोकांचे पॅन दुरुस्त करून द्यायचं तर माझं कामच आहे, आठवड्याला दोन तरी. माझ्या कार्डावर मधलं नाव अजून त्याचंच.

भरलं तसंच. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मग फोटो काढून त्याला पाठवला, खाली लिहिलं, तुझ्या नावाने पैसे येतायत.

तीस सेकंदात उत्तर. "अर्धे?"